कॅसिनोत डीलर व्हायचं तर: चिप्सची चळत, सतराचा पाढा आणि उघडे हात

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापुरातला 23 वर्षांचा बी.कॉम. झालेला मुलगा, सध्या शाहूपुरीतल्या एका पतसंस्थेत कॅश काउंटरवर बसतो. पणजीच्या कॅसिनोत टेबलवर डीलर म्हणून काम करायचं आहे. पत्ते झकास पिसता येतात, असं लिहिलं आहे. पैसे भरून कोर्स करावा का, घरी सराव कशाचा करावा आणि काम नेमकं कसं चालतं, हे विचारलंय. शेवटी एक ओळ आहे: घरचे म्हणतात, हा जुगारच.

पत्ते पिसता येतात हे आधी बाजूला ठेवा. घरचं पिसणं हातात धरून असतं, पत्ते हवेत उचलून. कॅसिनोत पिसताना पत्ता टेबलवरून उचलायचाच नसतो, त्यामुळे ती सवय मोडण्यातच पहिला आठवडा जाईल. तुमची खरी जमेची बाजू आहे ती कॅश काउंटरची. नोटा गिऱ्हाइकासमोर मोजायच्या, रक्कम मोठ्याने बोलायची, मग गल्ल्यात टाकायच्या, आणि फरक आला तर आपल्या मनाने जुळवायचा नाही. डीलरच्या कामाचा गाभा हाच आहे. फक्त तिथे समोर गिऱ्हाईक सात असतात, डोक्यावर कॅमेरा असतो आणि हे सगळं एका मिनिटात उरकायचं असतं.

कायद्याचं पटकन सांगतो. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. 1976 साली कॅसिनोचा एक कायदा झाला होता, तो कधी अमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. आपल्याकडे लागू आहे तो 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा. गोव्यात 1976 च्या कायद्याखाली परवाना मिळतो, आणि डीलरने चालवायचे खरे टेबल गेम मांडवीतल्या जहाजांवर असतात. सिक्कीमचा स्वतंत्र कायदा 2002 चा आहे. म्हणजे कोल्हापुरातून जायचं तर आजरा, आंबोली, सावंतवाडी करत पणजी गाठायची आणि तिथेच खोली घेऊन राहायचं. पाळी पहाटे संपते, त्यामुळे जाऊन-येऊन करायचं हे काम नाही. आणि सरावासाठी म्हणून इथल्या कुठल्याही क्लबात तीनपानीला बसू नका. सराव घरी, चिप्सवर (टेबलवर पैशांऐवजी चालणाऱ्या गोल चकत्या) आणि पैशाशिवाय. जुगाराची एक केस अंगावर आली की पोलिसांचा चारित्र्य दाखला अडतो आणि नोकरी तिथेच संपते.

आता हात. टेबलवर आल्यावर, टेबल सोडताना, आणि मध्ये नाक किंवा कॉलर जरी सारखी करायची असली तरी त्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून, उलटसुलट करून दाखवायचे. हातात चिप लपलेली नाही हे कॅमेऱ्याला कळावं म्हणून. गणवेशाला खिसे नसतात, किंवा असले तर झाकलेले असतात. अंगठ्या आणि घड्याळ घरी. खेळाडूच्या हातातून काहीही घ्यायचं नाही आणि त्याच्या हातात काहीही द्यायचं नाही, सगळं टेबलवर ठेवून. टेबलवर रोख घेतात तिथे नोटा ओळीने पसरायच्या, रक्कम बोलायची, सुपरवायझरचा होकार घ्यायचा, मग चिप्स कापून, म्हणजे सारख्या ढिगांत मोजून, दाखवायच्या आणि खेळाडूकडे सरकवायच्या. नोटा पेटीत जातात त्या या सगळ्यानंतर. घाईत नोटा आधी पेटीत गेल्या आणि खेळाडू म्हणाला की मी वीस हजार दिले होते, तर मग कॅमेऱ्याचं चित्रण काढेपर्यंत टेबल अडकून पडतं.

चिप्सचा सराव आजपासून सुरू करता येईल. साधारण 39 मिलिमीटर व्यासाच्या 200 चिप्स ऑनलाइन मिळतात. कॅरमच्या सोंगट्या वापरू नका. सोंगटी सव्वातीन सेंटिमीटरही भरत नाही, बोटांना चुकीचं माप बसतं. टेबलावर जाड चादर ताणून घाला, कारण गुळगुळीत पाटावर चिप्स घसरतात आणि हात वेगळंच शिकतो.

चळत नेहमी 20 ची. चळत हातात घ्या: अंगठा एका बाजूला, मधलं बोट आणि अनामिका दुसऱ्या बाजूला, तर्जनी मोकळी. चळतीचं बूड चादरीवर टेकवा, पकड किंचित सैल करा, तळातल्या 5 चिप्स सोडा आणि उरलेली चळत उचलून शेजारी टेकवा. पुन्हा 5, पुन्हा 5, शेवटी हातात राहतील त्या 5. पहिल्या ढिगाची उंची हीच मोजपट्टी. पुढचा ढीग त्याला चिकटवून सोडायचा आणि तर्जनी दोन्हींच्या माथ्यावरून आडवी फिरवायची. बोट अडलं की एक चिप जास्त आहे, बोट खाली बुडालं की एक कमी आहे. डोळ्यांनी मोजायला लागलात तर वेग कधीच येणार नाही, हे बोटाला कळायला हवं. चार ढीग झाले की एक ढीग जिन्यासारखा पसरून 5 दाखवायचे. बाकीचे तीन त्याच उंचीचे, म्हणजे 20 सिद्ध झाले. हे दोन्ही हातांनी यायला हवं, कारण रुलेटचं चाक तुमच्या उजव्या हाताला की डाव्या, हे टेबलवर ठरतं. रोज अर्धा तास दिला तर तीन-चार आठवड्यांत हात बसतो. मनगट दुखायला लागलं तर पकड फार घट्ट आहे असं समजा. चिप पकडायची नसते, फक्त आवरायची असते.

रुलेटमध्ये, म्हणजे फिरत्या चाकात चेंडू कुठल्या आकड्यावर पडतो त्या खेळात, गोळा केलेल्या चिप्स रंगाप्रमाणे वेगळ्या करून चळती लावत राहावं लागतं. प्रत्येक खेळाडूला वेगळा रंग, आणि त्या रंगाची किंमत त्याने ठरवलेली, ती चाकाच्या कडेवर खूण ठेवून दाखवलेली असते. नवीन डीलर सगळ्यात जास्त मागे पडतो तो इथे. पैसे द्यायला 15 सेकंद आणि ढीग आवरायला दोन मिनिटं, असं होतं.

आणि आता पाढे. आपल्याकडच्या मुलांना इथे आयता फायदा आहे आणि बहुतेकांना तो माहीतच नसतो. एक शून्य असलेल्या चाकावर 0 ते 36 असे 37 खाने असतात. सरळ एका आकड्यावरची चिप 35 पट, दोन आकड्यांमधल्या रेघेवरची 17 पट, तीन आकड्यांची ओळ 11 पट, चार आकड्यांचा कोपरा 8 पट, सहा आकड्यांची जोडओळ 5 पट. डझन आणि कॉलम दुप्पट, लाल-काळा आणि सम-विषम बरोबरीने. म्हणून पाठ हवेत ते 17, 35, 11, 8 आणि 5 चे पाढे, आणि 17 चा दहापर्यंत नव्हे, वीसपर्यंत. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट. शाळेत म्हटला तसाच म्हणा, पण नंतर उलटा आणि मग मधूनच: तेरा वेळा? 221. एकोणीस वेळा? 323. 35 साठी एक सोपी खूण आहे: 17 ची दुप्पट आणि वर तो आकडा. 7 चिप्स असतील तर 119 दुणे 238, अधिक 7, झाले 245.

एक डाव जवळून बघू. चेंडू 17 वर पडला. रंगाची किंमत 100 रुपये. खेळाडूची 17 वर सरळ 1 चिप, 14-17 आणि 17-20 या रेघांवर एकेक, आणि 16-17-19-20 च्या कोपऱ्यावर 1. हिशेब 35 अधिक 34 अधिक 8, म्हणजे 77 चिप्स. जाणता डीलर 77 रंगीत चिप्स सरकवत नाही, तसं केलं तर त्याच्या रंगाचा साठा संपतो. तो 17 चिप्स रंगात देतो, आणि उरलेल्या 60 चे 6000 रुपये किंमत छापलेल्या चिप्समध्ये. त्याआधी सुपरवायझरकडे बघून मोठ्याने बोलतो: सत्याहत्तर, सतरा रंगात, सहा हजार किमतीत.

पुढे पुढे बेरीज करावीच लागत नाही, चित्र ओळखू येतं. चारही रेघा म्हणजे 68. सरळ आणि चारही रेघा म्हणजे 103. चारही कोपरे म्हणजे 32. सरळ, चारही रेघा आणि चारही कोपरे मिळून 135. मधल्या कॉलममधल्या आकड्याभोवती जिथे-जिथे लावता येतं तिथे एकेक चिप, म्हणजे एकूण 12 चिप्स, तर 156. तेच कडेच्या आकड्यावर, जसं 16 वर, 123, कारण तिथे रेघा तीन आणि कोपरे दोनच असतात. ही चित्रं कार्डांवर काढा आणि कोणालाही समोर धरायला सांगा. घरातली दहावीतली पोरगीसुद्धा हा सराव घेऊ शकते.

रुलेटमध्ये हातांचा क्रम ठरलेला आहे आणि तो मोडला की चोरीला वाट मिळते. चाक एका दिशेने, चेंडू उलट दिशेने, आणि चेंडूने कॅसिनोच्या नियमातले किमान फेरे घेतलेच पाहिजेत. कमी पडले किंवा चेंडू बाहेर उडाला तर ‘नो स्पिन’ म्हणून फेक रद्द. चेंडू मंदावला की टेबलावरून हात आडवा फिरवत ‘नो मोअर बेट्स’. चेंडू पडला की चाकाकडे फक्त एक नजर. याच क्षणी उशिराची चिप सरकते, कारण डीलरची मान वळलेली असते. नंबर पुकारायचा, 17, काळा, विषम. त्यावर डॉली, म्हणजे जिंकलेल्या आकड्यावरची खूण, ठेवायची. मग हरलेल्या चिप्स ओढायच्या, आणि त्यानंतरच द्यायला सुरुवात, आधी बाहेरच्या जागा, मग आतल्या. डॉली उचलेपर्यंत कोणालाही नवीन चिप ठेवू द्यायची नाही. आणि दरवेळी त्याच वेगाने, त्याच जागेवरून चेंडू फेकू नका. हात यंत्रासारखा झाला की तो वाचणारे लोकही टेबलवर येतात.

ब्लॅकजॅकला (21 च्या वर न जाता डीलरपेक्षा जास्त बेरीज करायचा पत्त्यांचा खेळ) 6 किंवा 8 जोड, म्हणजे 312 किंवा 416 पत्ते. नवे पत्ते आधी पालथे टेबलभर फिरवून मिसळायचे. मग दोन ढीग करून प्रत्येकातून अर्ध्या जोडाएवढे पत्ते घ्यायचे, कोपरे एकमेकांत सोडत पिसायचं, पुन्हा पिसायचं, वरून थोडे-थोडे काढत उलटा क्रम लावायचा आणि एकदा पिसून बाजूला ठेवायचं. पत्त्यांचे कोपरे अंगठ्याने उचलायचे ते अगदी नखाएवढे. जास्त वाकवले तर समोरच्याला बदामचा एक्का दिसतो. खेळाडूने कट केल्यावर मागून एक-दीड जोड सोडून कट कार्ड घालायचं, म्हणजे वाटप कुठे थांबवायचं त्याची खूण.

वाटायचं तुमच्या डावीकडून, पैसे चुकवायचे उजवीकडून, शेवटच्या खेळाडूपासून. पत्ते त्याच क्रमाने उचलून ठेवायचे, म्हणजे वाद झाला तर वापरलेल्या ढिगातून तो डाव जसाच्या तसा पुन्हा मांडता येतो. डीलरला स्वतःचं मत नसतं: 16 ला पत्ता घ्यायचा, 17 ला थांबायचं. एक्का धरून 17 आले तर काय, ते टेबलच्या कापडावर छापलेलं असतं. पहिल्याच दोन पत्त्यांत 21 आले की तो ब्लॅकजॅक, आणि त्याचा भाव 3 ला 2. म्हणजे सरळ दिडकी! आजोबांकडून दिडकी शिकला असाल तर 2500 वर किती, असं विचारल्यावर पंचवीस दीडे साडेसदतीस, 3750, हे तोंडात आधी येतं. काही टेबलवर 6 ला 5 असा भाव असतो, म्हणून बसण्याआधी कापड वाचा.

बॅकारात प्लेयर आणि बँकर अशा दोन बाजू असतात, आणि ज्या बाजूच्या पत्त्यांची बेरीज (फक्त एकम धरून) 9 च्या जवळ ती जिंकते. डीलरच्या हाती निर्णय काहीच नाही, पण तिसऱ्या पत्त्याचा तक्ता तोंडपाठ हवा. कोणाच्याही पहिल्या दोन पत्त्यांची बेरीज 8 किंवा 9 असेल तर डाव तिथेच संपला. नाहीतर प्लेयर 0 ते 5 ला पत्ता घेतो, 6-7 ला थांबतो. प्लेयरने पत्ता घेतला नाही तर बँकरही 0 ते 5 लाच घेतो. प्लेयरने घेतला, तर बँकर 2 पर्यंत नेहमी घेतो. 3 ला, प्लेयरचा तिसरा पत्ता 8 सोडून कुठलाही असेल तर. 4 ला 2 ते 7 असेल तर. 5 ला 4 ते 7. 6 ला फक्त 6 किंवा 7. आणि 7 ला थांबतो. चूक होते ती बँकर 3 आणि प्लेयरचा पत्ता 8 इथे, आणि बँकर 6 इथे. या दोन जागांचा शंभर-शंभर वेळा सराव करा. बँकर जिंकला तर 5 टक्के कमिशन: दहावा हिस्सा काढायचा, त्याचा निम्मा करायचा. 3500 चे 350, निम्मे 175, द्यायचे 3325.

अंदर-बाहर, म्हणजे मधल्या पत्त्याची जोडी दोनपैकी कुठल्या बाजूला पडते तो खेळ, सोपा वाटतो, म्हणून मुलं तिथे ढिली पडतात. ज्या बाजूला पहिला पत्ता पडतो तिची जिंकण्याची शक्यता 51.5 टक्के असते, म्हणून तिला सहसा 0.9 पट आणि दुसऱ्या बाजूला बरोबरीने देतात. म्हणजे पहिला पत्ता कुठे पडला हे विसरलात तर पैसे चुकणारच. कितव्या पत्त्याला जोडी लागली यावरही लोक लावतात, म्हणून पत्ता अलगद, सुटा आणि मोजता येईल असा ठेवा. आणि गल्लीतल्या तीनपानीचे नियम बरोबर नेऊ नका. एक्का-दुर्री-तिर्री कुठल्या नंबरला, हे घरोघरी वेगळं आहे. टेबलवर कॅसिनोचा लिहिलेला नियम, तोच खरा.

चूक सगळ्यांकडून होते. प्रश्न असतो तो पुढच्या तीन सेकंदांचा. जास्त पैसे दिले गेले, पत्ता चुकून उलटा झाला, बॅकारात एक पत्ता जास्त निघाला, तर हात जागीच थांबवायचे, काहीही परत ओढायचं नाही आणि सुपरवायझरला आवाज द्यायचा. स्वतः गुपचूप दुरुस्त केलेली चूक कॅमेऱ्यात चोरीसारखीच दिसते. चुकीची कबुली दिली म्हणून सहसा नोकरी जात नाही, झाकली म्हणून जाते. खेळाडूच्या चिप्सची थप्पीही नीट बघा: मोठ्या किमतीच्या चिप्स खाली, लहान वर. उलटी किंवा मिसळलेली असेल तर पत्ते वाटण्याआधीच नीट करून घ्या, नंतर नाही.

बऱ्याच नव्या मुलांना वाटतं, आपण कॅसिनोला जिंकून द्यायला उभे आहोत. तसं अजिबात नाही. 37 खान्यांवर 35 पट दिले की 2.70 टक्के आपोआप कॅसिनोकडे राहतात. बॅकाराच्या बँकरवर सुमारे 1.06 टक्के राहतात, बरोबरीला 8 पट भाव असेल तर तिथे 14 टक्क्यांहून जास्त. हे भावातच बसवलेलं असतं, डीलरच्या हातात नसतं. म्हणून खेळाडूला एक रुपया कमी देणंही तेवढीच मोठी चूक आहे. खेळाडू चिडला, शिव्या दिल्या, तरी उत्तर द्यायचं नाही, सुपरवायझरकडे बघायचं. आणि ‘कशावर लावू?’ असं विचारलं तर सल्ला कधीच द्यायचा नाही.

शरीराचं: बरीच टेबलं उभ्यानेच चालवायची असतात, साधारण तासाभराने विश्रांती मिळते. चांगले बूट घ्या, पहिल्या पगारातून नव्हे, त्याआधीच. नखं कापलेली, हात कोरडे. टीप मिळाली तर ती टेबलवर वाजवून दाखवायची आणि टीपच्या पेटीत टाकायची. ती सगळ्यांत वाटली जाते, खिशात जात नाही.

कोर्सचं विचारलंत. मोठे कॅसिनो नव्या मुलांना स्वतःच्या पद्धतीने शिकवून घेतात, कारण प्रत्येकाची हातांची शिस्त थोडी वेगळी असते. म्हणून आधी थेट अर्ज करा, मोठी फी नंतर. कोणी ‘हमखास नोकरी’ म्हणून लाख-दीड लाख मागत असेल तर कॅसिनोचं लेखी पत्र आधी मागा. क्रूझवर जायचं असेल तर जहाजांवर भरती करणारी संस्था सरकारी परवान्याची हवी आणि ती उमेदवाराकडून नोकरीचे पैसे घेऊ शकत नाही. लाओस, कंबोडिया, म्यानमारमधल्या ‘कॅसिनो जॉब’च्या जाहिरातींना हात लावू नका. तिथे पासपोर्ट काढून घेऊन मुलांना ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं जातं, आणि भारतीय दूतावासांनी याबद्दल पुन्हा पुन्हा इशारे दिलेले आहेत. इथेच कोल्हापुरात एखाद्या फ्लॅटमध्ये कॅमेऱ्यासमोर ‘लाइव्ह डीलर’चं काम देतो म्हणणाराही नको. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे.

आणि घरच्यांचं. त्यांची भीती खोटी नाही. रात्रभर समोरून पैसा वाहताना बघायचा आणि सकाळी खोलीवर मोबाइलवर तेच खेळायचं, अशी वाट सोपी असते. तुम्हाला स्वतःला लावायचा नाद असेल, क्रिकेटवर का असेना, तर अर्ज करू नका, हे अगदी मनापासून सांगतो. नसेल तर आईवडिलांना सांगा की तिथल्या कर्मचाऱ्याला त्या टेबलवर खेळता येत नाही, आणि त्यांच्यासमोर चादर घालून 20 ची चळत चार ढिगांत कापून दाखवा. नेमणुकीच्या पत्रात पगार, पाळीचे तास, आठवड्याची सुटी, प्रशिक्षणाच्या काळातले पैसे आणि मध्येच सोडलं तर बॉण्ड आहे का, या पाच गोष्टी लिहून आल्या की मगच पतसंस्थेचा राजीनामा द्या.